कोब्याखालचा जाळ

माझ्या घराच्या मागच्या भिंतीतून दोन नळ्या बाहेर आल्या होत्या. एक वर, एक खाली. दोन्हींच्या तोंडात शुभांगीने, माझ्या बायकोने, जुन्या लुगड्याचे बोळे कोंबले होते, उंदीर शिरू नये म्हणून. आतल्या खोलीत लाल कोब्याच्या खाली ती नळी नांगराच्या तासासारखी फिरली होती. जा, वळ, ये, वळ. सगळी जमीन फिरून ती परत भिंतीला आली होती. नळी होती, पाणी होतं, जमीन होती. फक्त जाळ नव्हता. अख्खा कार्तिक माझं घर तोंडात बोळे घालून जाळाची वाट बघत उभं होतं.

गाव हसलं. गावाला हसायला आमची वस्ती लागतेच. "थंडी वाजली तर मानूस घोंगडी घेतो, सोपान्यानं जमिनीला पाइप घातला," असं पारावर कोणीतरी म्हणालं आणि ते माझ्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्थाही केली. मी सैन्यात नळजोडणीचं काम करून, पेन्शन घेऊन आलो होतो. पण गावात मी अजून भिमीचा सोपान्याच होतो.

भिमी म्हणजे माझी आई, भिमाबाई. तिच्या पायांचं आधी सांगतो, कारण हे सगळं त्या पायांसाठी होतं.

आईने उभा जन्म लोकांच्या उसाला पाणी दिलं. आमचं गाव कालव्याच्या शेवटच्या टोकाला. तिथे पाणी पोचायचं ते पौष-माघाच्या गारठ्यात आणि तेही अवेळी. मालक गोधडीत, आणि आई गुडघाभर पाण्यात. हातात फावडं. या वाफ्याचं दार मोड, त्या वाफ्याचं दार बांध. बर्फ न पडताही माणसाचे पाय बर्फात जाऊ शकतात, हे मी लेहला जायच्या आधी आईकडे बघून शिकलो. आता तिला बोटं कळत नव्हती. हिवाळा लागला की घोट्याखाली नुसतं लाकूड. खाटेवर ती झोपायची नाही. "खाटंवर निजलं की खाली काईच न्हाई असं वाटतं," म्हणायची. जमिनीवर निजायची, आणि जमीन तिचे पाय खायची.

तिला एकच स्वप्न पडायचं. ती पाण्यात उभी आहे. पाणी वाढत नाही, ओसरत नाही. अंधारात ती फावड्याने चाचपते, पण वाफ्याचं दार सापडत नाही. सकाळी ती हे मला शेजारच्या गावची बातमी सांगावी तसं सांगायची. "आज बी दार घावलं न्हाई बघ."

लेहला साहेबांच्या विश्रामगृहात आम्ही जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकल्या होत्या. बाहेर हवा दगडासारखी. आत मी बूट काढून उभा राहिलो, आणि तळव्यांतून काहीतरी वर चढलं. त्याला गरमी म्हणता येत नाही. शेकोटीची गरमी तोंड भाजते आणि पाठ गार ठेवते. हे निराळं होतं. जमीन झोपेत श्वास घेतेय आणि आपण तिच्या कुशीला टेकलोय, असं. साहेबाचा कुत्रा तिथे चारी पाय ताणून पडला होता. त्याच्या मिशा हलत होत्या. स्वप्न बघत होता लेकाचा. मी त्या कुत्र्याकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. मला त्याचा राग आला. खोटं कशाला सांगू, कुत्र्याचाच राग आला. माझी आई तिकडे पाण्यात, आणि हा इथे. सुट्टीवर आल्यावर त्या कुत्र्याचं मी आईलाही सांगितलं. त्या दिवशी मी मनात घर बांधायला घेतलं. भिंती नंतर, छप्पर नंतर. आधी जमीन.

तशी ती बांधलीही. खाली मुरूम, त्यावर वीटभट्टीची राख, म्हणजे ऊब खाली पळू नये. त्यावर नळी, वर कोबा. गिलाव्याला मी कोणाला हात लावू दिला नाही. इथवर सगळं माझ्या हातात होतं. पाणी तापवायला काहीतरी जळावं लागतं, आणि या तालुक्यात जे जे जळतं त्याच्यावर कोणाचं तरी नाव असतं, हे मला कोबा वाळल्यावर कळलं.

पहिला आला मच्छिंद्र वायरमन. आमच्यातला नाही, पण आमच्या घरात चहा पिणारा माणूस. कपाळभर घाम, खांद्यावर दोरखंड.

"हीटर लाव की, सोपानदादा. बटन दाबलं की झालं."

"लाइट असते कधी?"

"त्ये मला इचारू नको. मी नुस्ता खांबावर चढतो." त्याने बशीत चहा ओतला. "आन तू हीटर लावला की सगळ्या वस्तीचा फ्यूज उडंल. मंग बाया शिव्या देत्याल. तुला न्हाई, मला."

"मग सांगतोस कशाला?"

"तू इचारलंस म्हनून."

मग मी राहुरीला गेलो. कृषी विद्यापीठाच्या आवारात उन्हावर पाणी तापवायची पेटी मांडलेली होती. काळा पत्रा, वर काच. हात लावला तर चटका बसला. मला ती पेटी फार आवडली. दिवसभर आभाळाकडे तोंड करून पडायचं आणि तापायचं. दुसरं काम नाही. तिच्याशेजारी गवतावर बसून मी भाकरी खाल्ली आणि तिथेच माझा डोळा लागला. स्वप्नात अख्ख्या वस्तीच्या छपरांवर काचा होत्या, आणि त्यांत ढग पोहत होते. जाग आली ती तिथल्या माणसाने हलवलं म्हणून. बिचारा चांगला होता. त्याने खोलीचं माप विचारलं, हिशेब केला आणि मान हलवली. एवढा कोबा पहाटेपर्यंत उबदार ठेवायचा तर इतक्या पेट्या लागतील, की माझ्या पत्र्यावर मावणार नाहीत. आईची थंडी पहाटेची. सूर्याची ड्यूटी दिवसाची. जमेना.

गोबरगॅस म्हणून पंचायत समितीतल्या एकाने सुचवलं. मी घरी येऊन सांगितलं तर शुभांगी हातातलं पीठ झटकत म्हणाली, "शेन कुनाचं? आपल्या शेळीचं?"

"चार-पाच जनावरांचं लागेल."

"मंग जा की कानिफनाथाच्या गोठ्यावर. पाटी देऊ का?"

 आमच्या आज्या-पणज्यांनी ज्या गोठ्यांतल्या पाट्या उचलल्या, त्या छप्पन सालानंतर आमच्या घराने खाली ठेवल्या. त्यासाठी माझ्या बापाने मार खाल्ला होता. आता मी सैन्यातून येऊन, लोखंडी नळी टाकून, परत तीच पाटी उचलायची? वर ह्याला म्हणायचं सुधारणा?

असं चाललं होतं, तेव्हा कानिफनाथ स्वतः आला.

कानिफनाथचं गुऱ्हाळ आमच्या वस्तीच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी. दिवाळी सरली की त्याचं चुलवाण पेटायचं. चुलवाण म्हणजे काहिलीखाली, रसाच्या मोठ्या कढईखाली, जमिनीत खणलेली भट्टी. ते होळीपर्यंत थंड व्हायचं नाही. वर रस उकळतोय, खाली चिपाडं जळतायत, आणि धूर जमिनीतल्या भुयारातून लांबच्या धुराड्याकडे चाललाय. संध्याकाळी वारा पडला की गुळाचा वास वस्तीवर येऊन बसायचा. गरीब असो, श्रीमंत असो, सगळ्यांची झोप गोड व्हायची. वासावर तेवढी कोणी मालकी सांगितली नव्हती.

कानिफनाथ ओट्याच्या कडेला उभा राहिला. आत आला नाही.

"सोपाना, जाळासाठी वनवन हिंडतो म्हनं."

"बघतोय."

"माझ्या चुलवानाची निम्मी धग धुराड्यातून आभाळात जाती. तितनं घे की. पिंप बसव, नळी वर वढ. मला काय तोटा हाय? तुझी आई पाय धरून बसती म्हनं. पुन्याचं काम हाय."

शुभांगीने चहा आणला. "आत्ताच झाला घरी," तो म्हणाला. त्याच्या बापाचाही आत्ताच झालेला असायचा. या घराण्याचा चहा आमच्या दारात आला की नेहमी आत्ताच झालेला असतो.

तो गेल्यावर मी ओट्यावर बसून राहिलो. माझ्यातला फिटर म्हणत होता, गड्या, यापेक्षा चांगला जाळ तुला जन्मात मिळायचा नाही. गुऱ्हाळ खाली, घर वर. तापलेलं पाणी हलकं होतं, ते आपणहून चढणार. गार झालेलं जड होतं, ते आपणहून उतरणार. पंप नको, लाइट नको. थंडीबरोबर पेटणार, थंडीबरोबर विझणार. जणू माझी नळी त्या भट्टीसाठीच टाकलेली. आणि फिटरच्या मागे दुसरा कोणीतरी दात खाऊन उभा होता.

"घ्यायचा नाही," मी म्हणालो.

"का?" शुभांगी म्हणाली. "आगीला काय जात असती?"

"आगीला नसते. देणाऱ्याच्या हाताला असते."

"लई चांगलं बोललात. टाळ्या वाजवू का?" ती माझ्यासमोर बसली. "अवो, आत्याबाईंच्या पायाला रोज तेल मी लावते. एक दिस तुमी लावून बघा. दगडाला लावल्यावानी लागतं. मंग बोला हातावर आन जातीवर."

आई भिंतीला टेकून ऐकत होती. तिच्या मांडीवर वाकळ होती. ती एवढंच म्हणाली, "लाव सोपाना. मी लई निजले तितं."

मग तिने सांगितलं. लग्न झाल्यावर ती आणि माझा बाप याच गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारायला होते. काहिलीजवळ जायला मनाई, पण जाळाशी चालायचे. काम सरलं की धुराच्या भुयारावरच्या जमिनीवर ती अंग टाकायची. "तू पोटात हुतास तवा. खाली भुई कोमट, वर चांदन्या. तू पोटात फिरायचास. मला वाटायचं भुईच फिरती या."

एवढं ऐकल्यावर माझा राग कुठे ठेवायचा तेच मला कळेना. मी पाना उचलला.

भुयाराच्या तोंडाशी पिंप बसवलं, नळ्या वर आणल्या, त्यांना पाचट आणि गोणपाट गुंडाळलं, वरून माती सारवली. भिंतीतले बोळे काढले आणि तोंडं जोडली. संध्याकाळी चावी सोडली. बराच वेळ काहीच नाही. मग भिंतीत एक गुरगुर झाली, झोपलेलं पोर कुशीवर वळतं तेवढी. मग तीही नाही. आम्ही तिघं अनवाणी उभे होतो. शुभांगी एकदम म्हणाली, "अगं बाई!" आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मागच्या भिंतीजवळ कोबा कोमट झाला होता. ती ऊब तिथून हळूहळू पुढे आली, ओढ्याला नवं पाणी यावं तशी. आम्ही तिच्यापुढे पावला-पावलाने सरकत गेलो.

आई निजली ती सकाळी उन्हं आली तरी उठली नाही. मी घाबरून तिच्या नाकाशी बोट धरलं. डोळे न उघडता ती म्हणाली, "जित्ती हाय. जा तिकडं." स्वप्नाचं विचारलं तर म्हणाली, काहीच पडलं नाही. नुसतं गोड अंधारात पडल्यासारखं वाटलं.

त्यानंतरचे दिवस मला अजून नीट आठवत नाहीत. त्या दिवसांना कडाच नव्हत्या. वस्तीतल्या बाया दुपारपासून पोरं घेऊन यायच्या. रंगुबाई, आमची शेजारीण, शेंगा फोडता फोडता आडवी व्हायची आणि घोरायला लागायची, मुठीत शेंग तशीच. तान्ही पोरं पालथी पडून कोब्याला गाल लावायची. शुभांगीने विरजण भिंतीकडेला ठेवलं, ते कसं लागलं म्हणून सगळ्यांना चाखवलं. बोलता बोलता माणसं गप्प होत आणि गप्प झालेली झोपत. असं वाटायचं, की आमच्या लोकांची कितीतरी पिढ्यांची झोप उधार राहिली होती, ती या लाल जमिनीखालून आता वर येतेय. एका सकाळी आईने मला हाक मारली. "हिकडं ये. बघ." तिचा अंगठा हलत होता. ती त्याच्याकडे नवल करत बघत होती, तो दुसऱ्याच कोणाचा असावा तशी.

मग कानिफनाथ पाहुणे आणायला लागला.

आधी त्याचा मेव्हणा. मग काष्टीच्या बाजाराहून येताना उतरलेले दोन व्यापारी. गुऱ्हाळावर ताजा गूळ खाल्ला, रस प्याला, की "चला, एक गंमत दावतो" म्हणून तो त्यांना वर आणायचा. ते दारातून वाकून बघायचे. आई उठून बसायची, पदर घ्यायची, आणि ते जाईपर्यंत बसून राहायची. मी म्हणायचो, जाऊ दे, बघू देत, बघून झिजतंय काय?

एका संध्याकाळी त्याच्याबरोबर राहात्याहून कोणी बडे पाहुणे आले. पांढरे कपडे, हातात रुमाल. त्या दिवशी कानिफनाथ पहिल्यांदा माझ्या घरात आला. चपला काढून आला. जमीन गरम आहे का बघायचं तर चपला काढाव्याच लागतात. तळवा टेकवून तो पाहुण्यांना म्हणाला, "बघा. हे समदं आपल्या चुलवानावर. गरिबाचा आशीर्वाद, दुसरं काय."

पाहुणे म्हणाले, "वा, वा."

आई उठून बसली होती.

"उठू नको, भिमे," कानिफनाथ प्रेमाने म्हणाला. खरंच प्रेमाने, हे मी मुद्दाम सांगतो. "निज. निज की गं. कशी निजती त्ये दाव पाव्हन्यांना."

आणि माझी आई आडवी झाली.

तिने डोळे मिटले. पाय जुळवले. पाहुणे वाकून बघत होते. एकाने विचारलं, "म्हातारे, बरं वाटतं का?" तिने मिटल्या डोळ्यांनीच मान हलवली. मी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. सगळ्यांचा आत्ताच झाला होता.

ते गेल्यावर आई उठली आणि थेट दारात जाऊन उंबऱ्यावर बसली, गार दगडावर. शुभांगी म्हणाली, "आत या, आत्याबाई." आई आली नाही. ती ओढ्याकडे बघत बोलायला लागली.

"मी परकरात हुते तवाची गोष्ट. काड्याची पेटी कुटली आमच्यात. इस्तू इझला की मागून आनायचा. आय मला धाडायची, ह्या कानिफच्या आजीकडं. खापरी घिऊन अंगनाच्या भाईर उभं ऱ्हायचं. ती पळीनं इंगळ वरनं टाकायची. कवा बोटावर पडायचा. त्येचं काई न्हाई. पन म्हातारीला गंमत लागायची. शेजारनीला हाक मारायची. म्हनायची, ए पोरी, नाच. नाचून दाव. मी नाचायची. खापरी हातात, खापरीत इंगळ. त्या हसायच्या. वाईट नव्हत्या. गुळाचा खडा बी टाकायच्या. पन नाचून हुईस्तवर इंगळ राख झालेला असायचा. मंग परत मागायचा. परत नाच."



"आज तसंच झालं," आई म्हणाली. "बंद कर ती नळी."

आणि मी काय म्हणालो असेन? मी, ज्याला कुत्र्याचा राग आला होता, ज्याने देणाऱ्याच्या हातावर भाषण दिलं होतं? मी म्हणालो, "आई, थंडी तेवढी सरू दे. आत्ता कुठं अंगठा हलतोय."

आईने माझ्याकडे बघितलं. "त्या सायबाच्या कुत्र्याला कुनी म्हनलं हुतं का, निज, निजून दाव?"



"चावी कंची त्ये दाव," ती म्हणाली. मी दाखवली. तिने ती स्वतःच्या बोटांनी पिळली, घट्ट, दातावर दात ठेवून. कोबा लगेच गार झाला नाही. ऊब गेली ती दाराकडून आत, आल्या वाटेने, मागे वळून बघत गेल्यासारखी. शेवटी भिंतीजवळ हाताएवढी जागा राहिली. शुभांगीने तिथे तळवा टेकवला होता. मग तिनेही उचलला.

दुसऱ्या दिवशी आई काठी घेऊन बाहेर पडली आणि गायरानाकडे बोट दाखवून म्हणाली, "त्ये जाळू."

तिथे वेडी बाभळ माजली होती. कालव्याच्या भरावावर, पडीक रानात, स्मशानाच्या कडेला, जिथे दुसरं काही येत नाही तिथे ती येते. तिला कोणी लावत नाही, कोणी पाणी देत नाही. तोडली की दुप्पट फुटते. काटा असा की चपलेतून आत. लोक तिला शिव्या देतात आणि ती वाढत राहते. पण जळते मात्र सावकाश, आणि निखारा धरून ठेवते.

"तिच्यावर पण कोणाचं तरी नाव असेल," मी म्हणालो. "सरकारचं."

"मंग सरकारला यिऊ दे मागायला," आई म्हणाली. "येताना खापरी घिऊन ये म्हनावं."

आम्ही घरामागे खड्डा खणला, कारण जाळ जमिनीपेक्षा खाली पाहिजे, तरच पाणी चढतं. विटांची भट्टी रचली, त्यात डिझेलचं रिकामं पिंप बसवलं, आणि गुऱ्हाळाकडून आलेली नळी कापून टाकली. करवत चालवताना मला फार बरं वाटलं. वस्तीतल्या बाया कोयते घेऊन गायरानात गेल्या.

"भिमाबाई, ऊब तुझ्या पायाला आन काटं माझ्या बोटाला!" रंगुबाई ओरडली.

"मंग फुकाट घोरतीस व्हय माझ्या घरात?" आई बांधावरून म्हणाली. "तुझ्या घोरन्यानं कोबा तडकायचा एकांद्या दिशी."

बाया इतक्या हसल्या की एकीचा पदर काट्यात अडकला आणि तो सोडवताना दुसरीचाही अडकला.

कानिफनाथला हे कळलं तेव्हा तो आला. पुन्हा ओट्याच्या कडेला. त्याचा चेहरा उतरला होता.

"फुकाटचं सोडून काटं तोडताय? माझं काय चुकलं, भिमे? मी कवा काय मागितलं का तुमाला?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. लबाड माणसाशी भांडता येतं. याच्याशी कुठून सुरुवात करायची? मी तोंड उघडलं, पण आईने हात वर केला.

"तुमचं काई चुकलं न्हाई, बापू. तुमचा जाळ लई मोठा हाय. आन माझं आता नाचायचं वय न्हाई."

"नाचायचं? कोन म्हनलं नाचायचं?" त्याने माझ्याकडे, शुभांगीकडे बघितलं.  तो मान हलवत उताराने खाली गेला. लोकांचं भलं करायची सोय राहिली नाही, असं काहीतरी वाटेत स्वतःशीच म्हणत होता.

नवा जाळ लहान होता. खोटं सांगणार नाही. गुऱ्हाळाची धग अख्ख्या खोलीला पुरायची, आमची पुरेना. नळी जिथून आत शिरते तिथे, मागच्या भिंतीजवळ, जमीन कोमट. पुढे दाराकडे सरकावं तशी गार. संध्याकाळी ओंडके सारून तोंड राखेने झाकलं की पहाटेपर्यंत ऊब धरायची. त्यासाठी रोज लाकूड फोडायचं, राख काढायची. शुभांगीच्या हाताला घट्टे पडले. तिने मला एकदा ते दाखवले. "हे बघा तुमच्या आईचा स्वाभिमान," म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी लाकूड तिनेच फोडलं, मला हात लावू दिला नाही. आईचा अंगठा मधले काही दिवस पुन्हा मुका झाला होता. मग हलला. बाकीची बोटं नाही. अंगठा हलला.

पौषातल्या एका संध्याकाळी दारात जीप थांबली. दोन पुरुष, एक बाई, गळ्यात कॅमेरा. जमीन गरम करणारं घर हेच का, त्यांनी विचारलं. त्यांना कुठून तरी कळलं होतं. साहेबांना दाखवायचंय, फोटो पाहिजे, जमलं तर योजनेत घेता येईल. माणसं सभ्य होती. दाराशी येऊन त्यांनी चपला काढायला सुरुवातही केली.

"आत्ता नाही," मी म्हणालो. "आई झोपलीय."

"अहो, दोन मिनिटांचं काम. उठवू नका. तशीच असू दे. उलट झोपलेलीच बरी, फोटोत कळेल."

"नाही."

बाई हसून म्हणाली, "दादा, तुमचाच फायदा आहे."

"असेल. ती उठली की तिला विचारा. ती हो म्हणाली तर काढा."

"कधी उठतील?"

"झोप झाली की."

 त्यांतल्या एकाने मान लांबवून माझ्या खांद्यावरून आत डोकावलं. मी दार लोटून घेतलं. बाहेर थोडा वेळ कुजबुज झाली. मग जीपचं दार वाजलं, आणि उताराला लागलेल्या इंजिनाचा आवाज लांब लांब जात ओढ्यापलीकडे विरघळला.

आत अंधार आणि बाभळीच्या धुराचा कडवट वास. मी दाराजवळच, आलो तिथेच, आडवा झालो. शुभांगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. आईचा श्वास संथ चालला होता. खाली कुठेतरी पाणी तापत होतं, चढत होतं, निवत होतं, उतरत होतं, आणि कोणी बघत नव्हतं.

"कोन हुतं?" आईने विचारलं. डोळे मिटलेलेच.

"कोणी नाही. रस्ता चुकले होते."

"हां."  मला वाटलं झोपली. मग वाकळ सरकल्याचा आवाज आला.

"तितं गार हाय," ती म्हणाली. "हिकडं सरक."